तिसरा ट्रे

रबाळ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी औषधाच्या कुप्या बघितल्या.
आधी काळ्या पडद्यासमोर, मग पांढऱ्या.
पाच सेकंद इकडे, पाच तिकडे,
मनगट हलकं फिरवायचं, बुडबुडा उठू द्यायचा नाही.
काळ्यासमोर तंतू दिसतो, काचेची कणी दिसते,
पांढऱ्यासमोर रबराचा ठिपका.
तासाला दहा मिनिटं डोळे मिटून बसायची सक्ती.
बोनस एखाद्या दिवाळीला चुकला,
ती दहा मिनिटं कधी नाही.

उलव्याच्या वृद्धनिवासात
मॅनेजर अष्टपुत्रे मला फिरवत होते.
हे ध्यानाचं दालन, हा फिजिओ,
ही गच्चीवरची बाग, इथून विमानं दिसतात.
मी मान हलवत होते.
खोक्याचा वरचा थर कोणीही नीट लावतं.
मला तळाचा हवा होता.

म्हणून बाथरूमला जायचंय म्हटलं,
आणि पाहुण्यांच्या नव्हे, त्यांच्या बाथरूमला गेले.
भिंतीतल्या दांड्यावर सगळं वजन टाकून पाहिलं.
हलला नाही.
बेलची दोरी मात्र गाठ मारून वर टांगलेली,
फरशी पुसताना भिजते म्हणून असेल.
पडलेल्या माणसाचा हात किती वर जातो?
गुडघे बदललेली बाई मी, तरी खाली बसून मोजलं.
उठताना दांडाच कामी आला.
गाठ सोडून बाहेर आले.

खोलीत चार खाटा, पाण्याचे चार पेले,
तीन हाताशी,
एक खिडकीत, झाकण घातलेला, काठोकाठ.
नखं बघितली. पायाच्या अंगठ्याचंसुद्धा कापलेलं.
(शकूचं कापायला मला अर्धा तास लागतो,
वर शिव्या.)
एकीच्या गाऊनवर दुसरीचं नाव.
वास फिनेलचा. फिनेलखाली काय आहे
ते कळेपर्यंत मी थांबले.
फिनेलखाली मेथी शिजत होती.

एक मुलगी पेज भरवत होती.
चमचा फुंकायची, घोट उतरेपर्यंत थांबायची,
मी मनात पास म्हटलं,
तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बाहेर गेली.
म्हातारीचं तोंड उघडंच राहिलं.
पाच सेकंद. मग पाच मिनिटं.
परत आल्यावर विचारलं, ड्यूटी कधीपासून गं?
म्हणाली, काल रात्रीपासून.
तिचे डोळे लाल होते.
इथे डोळे मिटायची सक्ती कोणावर नव्हती.

पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर एक आजी,
हिरवी काठाची साडी, कपाळभर गोंदण.
"कोनाला ठेवाला आयलीस गो?"
नणंदेला, म्हटलं.
ती बोळकं उघडून हसली.
"नणंदेला? मंग यवरा काय बघतेस?"
मग पार्किंगकडे हात करून,
"हितं आमचा खार व्हता."
मग बराच वेळ काही नाही.
मग, "भात बरा शिजवतान.
रातचा हाक मारली त कोन येत नाय."

फॉर्मवर नातं विचारलं होतं.
मुलगा, मुलगी, इतर.
सव्वीस वर्षं एका ओट्याशी,
तिचा भाऊ आणि माझा नवरा
एकाच दिवशी गेला, एकाच माणसात.
इतर वर खूण केली.

कारखान्यात पास आणि नापासच्या मध्ये
एक पिवळा ट्रे असायचा.
खात्री नसेल ती कुपी त्यात,
दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांसाठी.
त्याची कोणाला लाज नसे.

अष्टपुत्रे म्हणाले, एकच खाट उरलीय, शनिवारपर्यंत.
म्हटलं, त्याआधी येते. वार सांगितला नाही.
शकूलाच आणीन.
सव्वीस वर्षांत माझ्या वरणातलं मीठ
तिला एकदाही बरोबर लागलेलं नाही.
बघू दे तिला.

ऐरोलीला पोचेपर्यंत दिवे लागले होते.
शकू जागीच.
"काय, पास का?"
मी चपला काढता काढता वर पाहिलं.
तिचा पेला खिडकीत होता,
झाकण घातलेला, काठोकाठ,
सकाळी मीच भरून ठेवलेला.